काट्यावरचं बूच

साहेबांच्या खुर्चीत मी केबलचं वेटोळं बसलेलं पाहिलंय. पक्कड, टेस्टर, वांग्यांची पिशवी, एकदा तर कुणाचंसं हेल्मेटही बसलेलं पाहिलंय. साहेब बसलेले मात्र मी एकदाच पाहिले, आणि तेही त्या खुर्चीत नव्हे.

गिरणीत सगळे त्यांना भिंगरी साहेब म्हणत. तोंडावर नुसतं साहेब. पायाला भिंगरी असलेली माणसं मी बरीच पाहिलीत, पण त्यांना निदान कुठेतरी पोचायचं असतं. साहेबांना पोचायचं नसायचं. चहा ते बशीत ओतून चालता चालता पीत. दुपारी पोळीत ठेचा गुंडाळायचा, एक हात तोंडाशी आणि दुसरा भिंतीवरच्या केबलवर, असं त्यांचं जेवण. "साहेब, दोन घास बसून खा," असं मी म्हटलं की उत्तर ठरलेलं होतं, "बसलो का झोप येते बाई. अन् मी झोपलो का लाइन झोपते." यात काडीचं तथ्य नव्हतं. लाइन झोपायची ती ते टक्क जागे असतानाच.

राहायला ते नाचणगावला होते. तिथं त्यांच्या भावाची भाजीची वाडी होती. रोज सकाळी पुलगावहून पॅसेंजर धरून वर्ध्याला यायचे. आमच्या स्टोअरमधले एकजण त्याच गाडीनं येत. ते सांगायचे, "गाडी रुळावरून येते, अन् साहेब गाडीच्या आतून पायी येते." या डब्यातून त्या डब्यात, स्टेशनावर उतरून पुढच्या डब्यात, वाटेत लोकांच्या पेट्या ओलांडत. खिडकीची जागा रिकामी असली तरी ते नुसते तिच्याकडे पाहून पुढे जायचे.

ही गोष्ट ऐंशीनंतरची, कॉम्प्युटर हा शब्द वर्ध्यात लोक अजून जपून उच्चारायचे तेव्हाची. आमच्या गिरणीनं कपाटाएवढं एक यंत्र आणलं, त्याच्यासाठी थंड हवेची खोली बांधली आणि खोलीत चपला घालायला बंदी केली. यंत्र आत, आणि आम्ही बाहेर आपापल्या टेबलांवर, टर्मिनलसमोर. टर्मिनल म्हणजे एक पडदा आणि एक कीबोर्ड, बाकी सगळी अक्कल आतल्या खोलीत. तिथून एकच जाड केबल निघायची. ती माझ्या टर्मिनलमध्ये एका तोंडानं शिरायची, दुसऱ्या तोंडानं बाहेर पडून मजुरीच्या टेबलाकडे जायची, तिथून स्टोअर, तिथून गोदाम, आणि शेवटी आवारातल्या खांबांवरून फाटकाजवळच्या काट्याकडे, जिथं कापसाच्या गाड्या तोलल्या जात. मधल्या कुणाचा जोड ढिला झाला की पुढचे सगळे आंधळे. कुणी टेबल सरकवलं, कुणी झाडताना केबल ओढली, की स्टोअरमधून बोंब यायची, "साहेब, गेलं."

तेवढ्यासाठीच साहेबांना ठेवलेलं होतं, वर्षाच्या करारावर. आधी ते तारखात्यात होते, आणि त्याआधी त्यांनी इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केला होता. हे ते दिवसातून एकदा तरी कुणाला तरी ऐकवत. सकाळी आल्या आल्या ते केबलवर बोट ठेवून यंत्रापासून काट्यापर्यंत चालत जायचे आणि तसेच परत यायचे. दुपारी पुन्हा. संध्याकाळी पुन्हा. माझ्या टेबलामागून जाताना माझी वेणी बाजूला करायलाही ते कमी करत नसत, कारण केबल वेणीमागे होती. "वायर खोटं नाई बोलत," ते म्हणायचे. "मानूस बोलते."

आणि माणूस शोधून काढायची त्यांना फार हौस. बिघाड सापडला की तो दुरुस्त करून गप्प बसतील तर ते साहेब कसले? गुन्हेगाराचं नाव चिठ्ठीवर लिहून त्याच्याच टर्मिनलला डिंकानं चिकटवायचे. माझ्या पडद्यावर एकदा आठवडाभर चिठ्ठी होती, 'बाईनं केबलवर डबा ठेवला.' येणारा-जाणारा ती वाचून माझ्या डब्याकडे पाहायचा. मला इतका संताप आला होता, की पुढचे कितीतरी दिवस मी त्यांनी वाडीवरून आमच्यासाठी आणलेल्या वांग्यांना हात लावला नाही. वांगी चांगली असायची, हे कबूल करते.

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला मी त्यांना बोलावलं, ते घरच्यांनी बरेच दिवस बोलून दाखवलं. साहेब मांडवात आले, नवरा-नवरीकडे एकदा पाहिलं, आणि मग त्यांची नजर वरच्या दिव्यांच्या माळेवर गेली. माळेतले काही दिवे लुकलुकत होते आणि ते लुकलुकायला नको होते. साहेब मांडवाच्या मागे गेले. थोड्या वेळानं सगळे दिवे लख्ख लागले आणि लाउडस्पीकर बंद पडला. भटजींना मंगलाष्टकं ओरडून म्हणावी लागली. पंगतीत बसा म्हणून माझे वडील विनवायला गेले तर साहेब बुंदीचा लाडू हातात घेऊन वायरचा माग काढत शेजारच्या आळीत निघून गेले होते. वडील परत येऊन म्हणाले, "हा मानूस घरी तरी बसते का?"

आता काट्यावरच्या बाबूंबद्दल सांगायला हवं. ते तळेगाव श्यामजी पंतचे, साहेबांहून वयानं मोठे, अंगानं काटकुळे, बोलण्यात पावलोपावली 'जी'. आम्ही त्यांना काटाबाबूच म्हणायचो. दर हंगामाला ते नव्यानं कामावर लागायचे आणि हंगाम सरला की तळेगावला परत. अशी त्यांची कितीतरी वर्षं गेली होती. शेवटी मॅनेजरांनी त्यांना शब्द दिला होता, की या दिवाळीला तुम्हाला परमनंट करतो. तेव्हापासून काटाबाबू परमनंट हा शब्द इतका हळू उच्चारायचे, की ऐकणाऱ्याला वाकावं लागे.

साहेब केबलवर बोट ठेवून काट्यापाशी पोचले की काटाबाबू आपलं स्टूल पुढे करायचे. "बसा न जी, साहेब." साहेब म्हणायचे, "लाइन पाह्यची हाय," आणि वळायचे. हे दिवसातून तीनदा व्हायचं. दोघांनाही त्याचा कंटाळा आला नाही.

काट्याच्या टर्मिनलच्या दुसऱ्या तोंडाला अंगठ्याएवढं एक धातूचं टोपण लावलेलं असे. त्याला कुठलीच वायर नव्हती. आम्ही त्याला बूच म्हणायचो. नुसतंच दिसतंय, कामाचं नाही, असं वाटून कुणी ना कुणी ते फिरवून पाहायचं. म्हणून साहेबांनी एक दिवस त्या टर्मिनलवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत चिठ्ठी लावली, टर्मिनेटेड. एवढंच, पुढे मागे काही नाही.

दुपारी काटाबाबू टोपी हातात घेऊन आमच्या खोलीत आले. चेहरा पांढराफटक. "साहेब," ते म्हणाले, "माह्यं टर्मिनेट झालं काय जी?"

आम्ही सगळे फिसकन हसलो. गिरणीत टर्मिनेट या शब्दाचा एकच अर्थ होता, उद्यापासून येऊ नका. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी काटाबाबूंचा हात धरला आणि भर उन्हात त्यांना फाटकाकडे घेऊन गेले. मला वजनाच्या पावत्या आणायच्याच होत्या, म्हणून मीही मागोमाग गेले.

"हे पाह्य बाबू," साहेब म्हणाले. "ही केबल तुमच्या टेबलावर येते अन् संपते. पुढं जायले जागाच नाई. मंग सिग्नल काय करते? टोकाले आपटते अन् वापस फिरते. मागून येनाऱ्याले धडकते. सगळ्याइचे पडदे बिघडते. म्हनून हे बूच. हे त्याले पोटात घेते अन् चूप करते. याले इंग्रजीत टर्मिनेट म्हनते. तुमाले नाई काढलं. तुमी लाइनचे शेवटचे मानूस आहा."

काटाबाबूंनी बुचाकडे पाहिलं. "म्हंजे सगळी लाइन याच्या भरोशावर हाय जी?"

"असंच समजा."

"अन् हे माह्या टेबलावर हाय."

"हो."

काटाबाबूंनी टोपी डोक्यावर घातली. साहेबांनी परतीची वाट धरली, पण त्या दिवसापासून काटाबाबू बुचाकडे वेगळ्याच नजरेनं पाहू लागले. रोज सकाळी काट्याला नमस्कार करायचे, तसा बुचालाही करायचे. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं ते पुसायचे. कुणी जवळ गेलं तर म्हणायचे, "हात नोका लावू, लाइन याच्यावर हाय." साहेबांना या गोष्टीचा अभिमान वाटायचा. आपल्या शिकवणीचा एक तरी विद्यार्थी निघाला, असं त्यांचं मत झालं होतं.

दसरा आला. दसऱ्यानंतर लगेच कापसाच्या हंगामाचा मुहूर्त होता, आणि या वर्षी संचालक मंडळ त्याला येणार होतं. पहिली बैलगाडी काट्यावर चढायची, काटाबाबूंनी वजन टर्मिनलवर टाकायचं, आणि ते आत मॅनेजरांच्या खोलीतल्या पाहुण्यांना माझ्या पडद्यावर दिसायचं. त्यासाठी माझं टर्मिनल उचलून तिथं न्यायचं होतं आणि साहेबांनी त्याची केबल आधीच वाढवून ठेवली होती.

दसऱ्याची सुटी संपवून आम्ही आलो आणि यंत्र सुरू केलं, तर सगळे पडदे थरथरत होते. अक्षरं यायची, अर्धी पुसली जायची, भलतीच यायची. मध्येच सगळं बंद, मध्येच सुरू. मॅनेजर बाहेर आले. ते मुंबईकडचे, शांत बोलणारे. शांत बोलायचे म्हणून आम्ही त्यांना जास्त भ्यायचो.

"मुहूर्ताची गाडी पडद्यावर दिसायलाच हवी," ते म्हणाले. "आणि हे ज्याच्यामुळे झालं, त्याचं नाव मला हवंय. तो माणूस मी इथं ठेवणार नाही. तुम्ही नावं बरोबर शोधता, साहेब."

साहेब म्हणाले, "वायर सांगते मले नाव." आणि निघाले.

पुढचे दिवस आठवले तरी मला चक्कर येते. साहेब चालायचे ते आता पळू लागले. आधी त्यांनी प्रत्येक टर्मिनलचा नंबर तपासला, कारण दोघांचा नंबर एक झाला की दोघं एकमेकांच्या बोलण्यात तोंड घालतात. नंबर बरोबर होते. मग उंदीर. उंदरानं केबल कुरतडली असेल म्हणून गोदामातले गठ्ठे हलवले. उंदीर भरपूर सापडले, कुरतडलेली केबल सापडली नाही. मग त्यांनी एक एक भाग वेगळा करून पाहायचं ठरवलं. पद्धत सोपी होती. काट्यावरचं बूच काढायचं, पुढची केबल सोडवायची आणि गोदामाच्या टर्मिनलला बूच लावून लाइन तिथंच संपवायची. तिथपर्यंत सगळं ठीक चाललं, तर दोष काट्याच्या बाजूला. नाही चाललं, तर दोष अलीकडे.

गोदामापर्यंत नाही चाललं. बूच स्टोअरला लावलं, तरी नाही. मजुरीला लावलं, तरी नाही. शेवटी माझ्या टर्मिनलला लावलं, म्हणजे यंत्र आणि मी, मध्ये कुणी नाही. माझाही पडदा थरथरतच होता. साहेबांनी माझ्यापर्यंतची केबल बदलली, जोड नवे केले. पडदा तसाच. सुटं बूच दुसरं नव्हतं, मुंबईहून मागवलेलं कधी आलंच नाही. म्हणून ते एकच बूच ओठांत धरून साहेब या टेबलावरून त्या टेबलावर धावत होते, कारण दोन्ही हातांत पक्कड आणि केबल.

"सगळी लाइन सडली," ते म्हणाले. "सगळी. कोनी तरी मुद्दाम केलं." त्या दिवशी प्रत्येक टर्मिनलला चिठ्ठी लागली. मजुरीवाल्यानं, स्टोअरवाल्यानं, झाडूवालीनं. एक चिठ्ठी लावायची, थोड्या वेळानं ती फाडून दुसरी लावायची. माझ्यावर पुन्हा डब्याचा आळ आला. मी डबा त्यांच्यासमोर आपटला. ते माझ्याकडे वळले, आणि मी बोलायचं ते विसरूनच गेले.

"साहेब, तुम्ही पान काऊन खाल्लं?"

साहेब पानाच्या नावानं चिडायचे. जिन्याच्या कोपऱ्यात केबलवर पिंक टाकणाऱ्या एका मुकादमाला त्यांनी फाटकापर्यंत पिटाळत नेलं होतं. "मी? पान?" त्यांनी पालथ्या हातानं ओठ पुसले आणि हाताकडे पाहिलं. हात लाल झाला होता. त्यांनी बोट नाकाशी नेलं. मग इतका वेळ ओठांत धरलेलं बूच माझ्या टर्मिनलवरून काढून उजेडाकडे धरलं, टेबलावर हळूच आपटलं. आतून तांदळाचा एक दाणा पडला. पिवळा, हळद लावलेला.

"खंडेनवमी," साहेब म्हणाले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गिरणीत सगळ्या अवजारांची हळदकुंकू, अक्षता वाहून पूजा व्हायची.

सगळ्या टेबलांवर ज्यानं दोष शोधायचा, तेच बिघडलेलं होतं. जिथं ते लावलं तिथं लाइन बिघडत होती. साहेबांनी कापूस आणि स्पिरिट मागवलं. कापसाला आमच्याकडे तोटा नव्हता. आतलं कुंकू निघता निघेना, कारण ते तेलात कालवलेलं होतं. काटाबाबू लोखंडाला तसंच लावत, कोरडं कुंकू लोखंडाला धरत नाही म्हणून. पुसून झाल्यावर साहेबांनी बूच माझ्या टर्मिनलला लावलं. पडदा शांत झाला. अक्षरं ओळीनं उभी राहिली.

आम्ही काट्यावर गेलो तेव्हा काटाबाबूंना काही सांगावं लागलं नाही. साहेबांचे लाल ओठ आणि हातातलं बूच त्यांनी पाहिलं आणि ते स्टुलाला धरून उभे राहिले.

"मीच जी, साहेब. वजनांसंगं पाटावर ठेवलतं. अवजार हाय न लाइनचं. वरून पुसलं मी. आतलं कुंकू देवाचं, म्हनून नाई पुसलं." मग ते थांबून म्हणाले, "आता माह्यं परमनंटचं गेलं जी."

साहेबांनी खिशातून चिठ्ठ्यांचे कागद काढले. पेन्सिल काढली. या माणसानं आजवर एकही नाव गिळलेलं नव्हतं. त्यांनी केबल जोडली, बूच लावलं, पेन्सिल कानावर खोचली आणि काही न लिहिता परत फिरले. मॅनेजर आमच्या खोलीत वाटच पाहत होते.

"सापडलं?"

"सापडलं. बुचात कुंकू गेलतं."

"कुंकू?" मॅनेजर म्हणाले. "कुणी घातलं?"

"मी."

साहेब पुढं बोलतच राहिले, त्यांना थांबता येत नव्हतं. "खंडेनवमीले बूच पुजाले ठेवा म्हनून मीच सांगतलं व्हतं. वापस लावाच्या आंधी मले आतून पुसाचं व्हतं. राहून गेलं."

"कॉम्प्युटरच्या पुस्तकात पूजा सांगितलीय?"

"पुस्तक इंग्लंडचं हाय. इंडियन कंडिशनमंधी पूजा लागते," साहेब म्हणाले, अगदी डिप्लोमाच्या आवाजात.

मॅनेजर आत गेले. साहेबांनी कानावरची पेन्सिल काढली, चिठ्ठी लिहिली आणि आपल्या खुर्चीच्या पाठीला चिकटवली. 'साहेबानं बूच पुजलं.' मला त्या क्षणी ते फार आवडले. आणि रागही आला, की एवढी माया पोटात असलेल्या माणसानं माझ्या डब्याची चिठ्ठी आठवडाभर ठेवावी.

मुहूर्ताला झेंडूच्या माळा घातलेली बैलगाडी काट्यावर चढली. मॅनेजरांच्या खोलीत पाहुणे पडद्यावर वाकले होते, आणि वजन आलं, ओळीत, स्वच्छ. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब तेव्हा आवारात खांबांखालून फिरत होते. दिवाळीला काटाबाबू परमनंट झाले. तळेगावहून त्यांनी सगळ्यांसाठी अनारसे आणले. साहेबांनी त्यांच्या वाट्याचे चालत चालत खाल्ले.

मॅनेजरांना मात्र नाव मिळालं होतं, आणि ते त्यांनी सोडलं नाही. होळीच्या सुमाराला साहेबांचा करार संपला. तो पुढे वाढवायचा नाही, असं त्यांना कळवलं. साहेबांनी आम्हाला ते सांगितलं नाही, पण गिरणीत असली गोष्ट कुणाला सांगावी लागत नाही.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखं केबलवर बोट ठेवलं आणि ते निघाले. मी त्यांच्या मागून गेले. कारण विचारलं असतं तर पावत्या आणायच्यात असं म्हटलं असतं, पण त्यांनी विचारलं नाही. मजुरी, स्टोअर, गोदाम. खांबांखालून फाटकापर्यंत. काटाबाबूंनी स्टूल पुढे केलं. "बसा न जी, साहेब."

साहेबांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता म्हणतील, लाइन पाह्यची हाय. त्याऐवजी टर्मिनलवरची जुनी चिठ्ठी त्यांनी नखानं सोडवली. डिंक वाळून गेलेला होता, ती सहज निघाली. ती त्यांनी स्वतःच्या शर्टाच्या खिशावर ठेवली आणि तळहातानं दाबली. टर्मिनेटेड. "आता बराबर जागी लागली," ते म्हणाले, आणि हसायचा प्रयत्न केला.

काटाबाबूंना हसू आलं नाही. त्यांनी हात पुढे केला, साहेबांच्या खिशावरची चिठ्ठी काढली, मागच्या बाजूला जीभ लावून ती ओली केली आणि परत टर्मिनलवर होती तिथं चिकटवली. कोपरे दाबले.

"लाइनचा शेवटचा मानूस मी आहो जी," ते म्हणाले. "तुमीच सांगतलं व्हतं. तुमची लाइन कुठं संपली अजून?"

साहेब स्टुलावर बसले. गुडघ्यांवर हात ठेवून, एखाद्या परक्या घरी बसावं तसे बसले. फाटकातून एक रिकामी गाडी बाहेर गेली. काटाबाबूंनी चहा सांगितला. साहेबांनी तो बशीत ओतला, आणि बसून प्यायले.